काळं लेदर, मुंबईचं ऊन: गाडीच्या सीटवरचा चटका आणि चिकचिक कशी घालवायची

आम्ही सेकंडहँड गाडी घेतली ती नेमकी एप्रिलमध्ये, आतून पूर्ण काळं लेदर, नवऱ्याने फोटो बघूनच ठरवून टाकलं होतं की हीच. मुलुंडला आमच्या सोसायटीत पार्किंग ओपन आहे, डोक्यावर पत्रा नाही की झाड नाही. पहिल्याच रविवारी दुपारी अडीच वाजता दादरला एका डोहाळजेवणाला निघालो, सासूबाई मागे बसल्या आणि बसल्या तशा उठल्या. "अगं, सीट आहे की तवा?" मी स्लीव्हलेस कुर्ता घातलेला, दंड सीटला टेकला आणि खरंच चटका बसला. पुढे दादरपर्यंत एसी फुल, तरी उतरले तेव्हा पाठ पूर्ण भिजलेली आणि कुर्त्यावर शिलाईचा छाप. तिथून पुढे वर्षभर मी टॉवेल, मण्यांचं कव्हर, जेलची गादी, जाळीचं कव्हर, जो जे सांगेल ते आणून बघितलं. त्यातलं अर्धं आता माळ्यावर आहे. तुमचे पैसे वाचावे म्हणून लिहितेय.

१. आधी ठरवा, त्रास कुठला आहे

ही पायरी सगळे वगळतात आणि पैसे तिथेच वाया जातात. लेदर सीटचे त्रास दोन आहेत आणि ते वेगवेगळे आहेत. एक चटका, म्हणजे उन्हात उभ्या गाडीत सीट तापते तो. तो पहिली पाच-दहा मिनिटं असतो. दुसरी चिकचिक, म्हणजे गाडी गार झाल्यावरही पाठीला आणि मांड्यांना घाम सुटत राहतो ती, आणि ती उतरेपर्यंत असते.

चटक्याचं कारण साधं आहे, काचेतून ऊन आत येतं, काळी सीट ते शोषते, ती उष्णता बाहेर जायला वाट नाही. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये काही संशोधकांनी उन्हात उभ्या केलेल्या गाड्या तासाभराने मोजल्या होत्या, २०१८ साली ते छापून आलं, बाहेर ३८ अंशांच्या वर असताना डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश, स्टिअरिंग ५३ आणि सीट ५१. आपल्याकडे बाहेर तितकं नसतं, मे महिन्यात ३३-३५ च्या आसपास असतं, पण मार्च-एप्रिलमध्ये एखाद्या दिवशी समुद्रावरचं वारं उशिरा सुटलं की मुंबई पण चाळिशीला टेकते. १४ एप्रिल १९५२ ला सांताक्रूझला ४२.२ नोंदलं गेलंय.

चिकचिकीचं कारण मात्र हवेतला दमटपणा. लेदर घाम पीत नाही, पाठ आणि सीट यांच्यात हवा जात नाही, आणि आपल्याकडची हवा आधीच ओली. नागपूरला ४४ डिग्रीत पण घाम वाळतो, इथे ३३ मध्ये वाळत नाही.

म्हणून चटक्याचा उपाय सावली आणि हवा काढणं, चिकचिकीचा उपाय मध्ये काहीतरी कापड किंवा फट. सनशेड लावून घाम थांबणार नाही आणि पंचा टाकून डॅशबोर्ड गार होणार नाही. तुम्हाला कुठला त्रास जास्त आहे ते बघा मग खाली तेवढंच वाचलंत तरी चालेल.

२. सीट खरंच लेदरची आहे का

बहुतेकांची नसते. आपल्याकडे ज्याला लेदर म्हणून विकतात ते बहुतेक वेळा लेदरेट, म्हणजे कापडावर पीव्हीसी नाहीतर पीयूचा थर, आपल्या आईबाबांच्या भाषेत रेक्झिन. गाडीच्या ब्रोशरमध्ये किंवा मॅन्युअलमध्ये नीट बघा, 'लेदरेट', 'आर्टिफिशियल लेदर' असले शब्द असतात. पाण्याचा थेंब टाकून बघा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, गाडीतल्या खऱ्या चामड्यावर पण वरून कोटिंग असतं, थेंब तिथेही तसाच राहतो.

हे कळायला हवं कारण चामड्याचं क्रीम वगैरे रेक्झिनवर चोळून काही उपयोग नाही. दुकानदार मात्र दोघांनाही तेच विकतो.

३. गाडीत काय काय ठेवायचं

सामान फार नाही, निम्मं घरातच असतं:

- सुती पंचे दोन, जाड टर्किश टॉवेल नको, पातळ पंचा
- पुढच्या काचेचा चंदेरी सनशेड
- एक मायक्रोफायबरचं फडकं आणि पाण्याची छोटी स्प्रे बाटली (इस्त्रीच्या वेळी वापरतो तीच)
- चार मीटर नाडी किंवा रुंद इलॅस्टिक
- लहान मूल असेल तर एक जुनं सुती पांघरूण
- गाडीचं मॅन्युअल, हो, ग्लोव्ह बॉक्समध्ये पडलेलं ते, एअरबॅगचं पान वाचायला

आणि काय ठेवायचं नाही ते पण सांगते, उन्हातल्या गाडीत डिओचा कॅन, लायटर, पॉवर बँक सोडून जाऊ नका.

४. गाडी कुठे आणि कशी लावायची

इथे सगळ्यात जास्त फरक पडतो आणि एक रुपया लागत नाही. सकाळी नऊला ऑफिसला जाऊन गाडी सावलीत लावली म्हणून खूश होऊ नका, ती सावली तुमच्यासाठी नाहीये, तुम्ही निघणार संध्याकाळी. सकाळी सावली बिल्डिंगच्या पश्चिमेला पडते आणि दुपारनंतर पूर्वेला. म्हणजे दिवसभर लावायची असेल तर पूर्वेकडची जागा पकडा, सकाळचं ऊन खाईल खाऊ दे, निघताना गाडी गार मिळेल.

मे महिन्याच्या मध्यात अजून एक गंमत आहे. साधारण १५-१६ मे ला मुंबईत सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावली दिवस म्हणतात तो. त्या आठवड्यात साडेबारा वाजता कुठल्याच टॉवरची सावली कामाची नसते, झाड किंवा छप्पर हेच दोन पर्याय. कंपाऊंडच्या भिंतीला चिकटवून लावलेली आमची गाडी त्या दिवसांत सर्वात जास्त तापली होती आणि मला वर्षभर कळलं नव्हतं का ते.

दुपारी उघड्यावर लावावीच लागली तर गाडीची मागची बाजू सूर्याकडे करा. तीन वाजता सूर्य पश्चिमेला म्हणजे तोंड पूर्वेला. पुढची काच सगळ्यात मोठी आणि तिरकी असते, ऊन तिथूनच आत येतं आणि पुढच्या सीटवर पडतं.

झाडं म्हणाल तर शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी, पारसी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स इथे वर्षावृक्षांची सावली आहे, जागा मिळाली तर नशीब. पण झाडाखाली तीन गोष्टी बघा: वर कावळ्यांची, बगळ्यांची वस्ती आहे का (असेल तर वाचलेले पैसे वॉशिंगला जातात), झाड नारळाचं तर नाही ना, आणि पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका फांद्या छाटते तेव्हा तिथे गाडी हलवायची सूचना लावलेली आहे का. दादरला कोहिनूर स्क्वेअरसारखं छपराखालचं पार्किंग मिळत असेल तर तिथले पैसे देताना मी आता कुरकुर करत नाही.

सनशेडचा चंदेरी भाग काचेकडे, म्हणजे बाहेर. उलटा लावलेला मी सिग्नलगणिक बघते. आणि काच बोटभर उघडी ठेवायची युक्ती सगळे सांगतात, तिने फार काही होत नाही, मी दोन्ही करून बघितलं, वर अवकाळी पाऊस आला की सीट ओली.

स्टिअरिंगवर आणि बेल्टच्या बकलवर जाताना पंचा टाकून जा. बकलचं लोखंड सीटपेक्षा वाईट भाजतं, आणि ते नेमकं कमरेजवळ असतं.

५. बसायच्या आधीची तीन मिनिटं

दार उघडून थेट बसायचं नाही, एवढं एकच पाळलंत तरी अर्धा त्रास कमी.

आधी मागची डावी काच खाली करा. मग ड्रायव्हरच्या बाजूचं दार पाच-सहा वेळा उघडा-बंद करा, आपटायचं नाही, पंख्यासारखं हलवायचं. आतली तापलेली हवा त्या काचेतून बाहेर फेकली जाते. आमचा वॉचमन पहिले काही दिवस माझ्याकडे बघून हसायचा, आता सोसायटीतले तीन जण करतात. काही गाड्यांमध्ये किल्लीचं अनलॉक बटण दाबून धरलं की आपण लिफ्टमधून उतरतोय तेवढ्यातच चारही काचा खाली जातात, मॅन्युअलमध्ये बघा.

मग फडक्यावर पाणी मारा, घट्ट पिळा आणि सीटवरून, पाठीच्या भागावरून एकदा फिरवा. लोक म्हणतात मुंबईत पाणी वाळतच नाही मग हे कसं चालेल, तर चालतं, कारण सीट पन्नास डिग्रीची आहे. गरम तव्यावर पाणी शिंपडल्यावर जसं उडून जातं तसं ते जातं आणि सीटची उष्णता घेऊन जातं. आपल्या पाठीवरचा घाम वाळत नाही कारण पाठ तेवढी गरम नसते. वाळायला अर्धा-एक मिनिट द्या, तेवढ्यात सनशेड घडी करा, मग बसा.

पाणी ओतायचं नाही, स्प्रे थेट सीटवर मारायचा नाही. सीटच्या खाली बेल्टचा सेन्सर असतो, वायरी असतात, आणि शिलाईतून पाणी आत फोममध्ये गेलं की आपल्या हवेत ते आठवडाभर सुकत नाही, वास येतो. बर्फाची पिशवी ठेवा म्हणणाऱ्या एका नातेवाइकांचं मी ऐकलं होतं, त्यानंतर सीटचा तो कोपरा सुकवायला घरचा टेबल फॅन खाली आणावा लागला.

६. एसी: कधी बाहेरची हवा, कधी आतली

बसल्या बसल्या एसी फुल, काचा बंद, आणि आतलीच हवा फिरवायचं बटण चालू, हे चुकीचं. आतली हवा त्या वेळी बाहेरच्यापेक्षा गरम असते, तीच फिरवून गार करायला एसीला जास्त वेळ लागतो. गाडी सुरू करा, काचा खाली, पंखा जोरात, बाहेरची हवा घ्या, एक-दोन मिनिटं गाडी पळू द्या. बाहेरपेक्षा आत बरं वाटायला लागलं की काचा वर आणि मग आतली हवा. गाडी उभी ठेवून दहा मिनिटं एसी चालवण्यापेक्षा चालत्या गाडीत तो लवकर गार करतो.

एसी नुसता गार करत नाही, हवेतलं पाणी पण काढतो, गाडीखाली टपटपतं ते तेच. म्हणून चिकचिकीला एसी खरा उपाय आहे, फक्त पाठ जिथे सीटला टेकलीय तिथे ती कोरडी हवा पोचत नाही. हे लक्षात आलं तेव्हा मला पुढची पायरी सुचली.

ॲपवरून लांबून एसी चालू करायची सोय असेल तर वापरा, पण बंद गॅरेजमध्ये किंवा हवा न खेळणाऱ्या बेसमेंटमध्ये पेट्रोल-डिझेलचं इंजिन असं चालू ठेवू नका, धूर तिथेच साठतो आणि तो जिवावर बेततो.

७. सीटवर काय टाकायचं

यावर मी सगळ्यात जास्त पैसे घालवले, म्हणून यावरच जास्त बोलणार.

सुरुवात जेल पॅडने केली. दुकानात हात लावला की मस्त गार लागतं. उन्हात दोन तास राहिलं की तीच गरम पाण्याची पिशवी होते आणि लेदरपेक्षा जास्त वेळ गरम राहते. सध्या ते सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी फ्रीजमध्ये असतं, तिथे छान चालतं.

नंतर मण्यांचं कव्हर. हे मी काळ्यापिवळ्या टॅक्सीत लहानपणापासून बघितलेलं, जुन्या पद्मिनी टॅक्सीत ड्रायव्हरच्या सीटवर मणी आणि खांद्यावर टॉवेल असायचाच. ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या पण दिवसाला दहा-बारा तास सीटवर काढणाऱ्या त्या काकांचं डोकं बरोबर होतं, मणी पाठ आणि सीट यांच्यात फट ठेवतात, हवा जाते. पहिला आठवडा टोचतं, मग सवय होते. पण स्वस्तातलं घेऊ नका. माझ्या कव्हरचा दोरा भांडुपच्या पुलावर तुटला आणि मणी पायाखाली पसरले, एक मणी ब्रेकच्या खाली गेला असता तर काय, या विचाराने मी ते त्याच संध्याकाळी काढून टाकलं. घेणार असाल तर नायलॉनच्या दोऱ्याचं घ्या आणि महिन्याला एकदा ओढून बघा.

मग पूर्ण सीटचं शिवलेलं कव्हर, आणि इथे माझी मोठी चूक झाली. एका ॲक्सेसरीजच्या दुकानात बसवून घेतलं, दिसायला सुंदर. घरी येऊन बघते तर सीटच्या बाहेरच्या कडेला 'एसआरएस एअरबॅग' लिहिलेली छोटी पट्टी असते ती कव्हरच्या आत गेलेली. ती पट्टी म्हणजे त्या शिवणीतून साइड एअरबॅग बाहेर येते. त्यावर जाड कव्हर घट्ट ओढलं तर ती नीट उघडणार कशी? दुकानातला मुलगा फोनवर म्हणाला, "मॅडम, सगळे लावतात, काही होत नाही." दुसऱ्या दिवशी काढून घेतलं, पैसे परत मिळाले नाहीत. तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जा नाहीतर ऑपेरा हाउसला, कुठेही जा, आधी आपल्या सीटवर ती पट्टी आहे का बघा, आणि असेल तर त्या बाजूने मोकळं किंवा एअरबॅगसाठी खास शिवण असलेलंच कव्हर मागा. बसवताना समोर उभ्या राहा, चहा प्यायला जाऊ नका.

शेवटी जे टिकलं ते आईने सुचवलेलं. पंचा. सीटच्या पाठीवर आणि बसायच्या भागावर एकेक पातळ सुती पंचा. घाम पितो, तापत नाही, रात्री धुतला की सकाळी वाळतो. फक्त नुसता टाकला तर बसता-उठता गोळा होतो, आणि जोरात ब्रेक मारला की आपल्यासकट घसरतो, ते धोक्याचं आहे. म्हणून शिंप्याकडून वरच्या टोकाला दोन नाड्या आणि खाली इलॅस्टिक लावून घ्या, नाड्या हेडरेस्टच्या दांड्यांना बांधा, इलॅस्टिक सीटच्या मागच्या फटीतून. बाजूची एअरबॅगची कड मोकळी राहील एवढीच रुंदी ठेवा. मी मुलुंडहून परळला जाते, संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये सव्वा-दीड तास होतो, तेवढ्यात एक पंचा ओलसर होतोच, म्हणून जाताना एक, येताना एक.

पंचा दिसायला बरा नाही हे नवऱ्याचं म्हणणं अजून आहे. पाहुणे येणार असतील तेव्हा तो काढून ठेवतो. पाहुणे चिकटतात.

जाळीदार जाड कव्हर (आतून थोडी पोकळी असते ते) पण बरं आहे, पंच्याच्या खालोखाल. पंखे असलेली गादी येते, सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालते, लांबच्या प्रवासात उपयोगी, पण आवाज करते आणि कमरेला उंचवटा वाटतो.

८. व्हेंटिलेटेड सीट असेल किंवा घ्यायची असेल तर

२०१७ च्या ह्युंदाई व्हर्ना गाडीपासून ही सोय मधल्या किमतीच्या गाड्यांत दिसायला लागली, आता बऱ्याच गाड्यांच्या वरच्या मॉडेलला असते, बहुतेक वेळा फक्त पुढच्या दोन सीटना. नाव ऐकून सीटमध्ये एसी आहे असं वाटतं, तसं बहुतेक गाड्यांत नसतं, सीटच्या आत पंखे असतात आणि ते गाडीतलीच हवा भोकांमधून फिरवतात. म्हणजे गाडी तापलेली असताना चालू केलं तर गरम हवाच फिरणार. आधी पायरी ५ आणि ६, मग हे बटण.

आणि त्यावर कव्हर घालू नका, भोकं बुजली की संपलं. सीटखाली चपला आणि भाजीच्या पिशव्या कोंबू नका. नवीन गाडी घेताय आणि रोज दोन तास चालवता, तर माझ्या मते सनरूफपेक्षा हे घ्या. सनरूफ मुंबईत कधी उघडणार, ऊन नाहीतर पाऊस.

९. काचेला फिल्म आणि जाळ्या

२७ एप्रिल २०१२ ला सुप्रीम कोर्टाने काचांना वरून फिल्म चिकटवायला बंदी घातली. नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार जायला हवा. नंतर २०२१ मध्ये नियम बदलला, २०२४ मध्ये केरळ हायकोर्टाने ठरलेल्या मर्यादेतल्या फिल्मला हरकत नाही असंही म्हटलं, पण सिग्नलला हवालदारासमोर तो निकाल वाचून दाखवायची तुमची तयारी आहे का ते बघा, माझी नाही. काळ्या जाळ्या आणि पडदे गाडी उभी असतानाच लावा, निघताना काढा.

१०. सीटला काय लावायचं नाही

खोबरेल तेल लावू नका. रेक्झिन ते पीत नाही, वर राहतं, धूळ धरतं आणि उन्हात तुमच्या कपड्यांना लागतं. डॅशबोर्डचं चकचकीत पॉलिश सीटला लावू नका, घसरायला होतं. हँड सॅनिटायझरचे हात सीटला पुसू नका, त्यातल्या अल्कोहोलने रंग आणि कोटिंग जातं, आमच्या हँडलजवळचा पांढरा डाग तसाच झालाय. पंधरा दिवसांनी ओल्या फडक्याने घाम पुसून काढा, मिठाने लेदर कडक होतं, बस.

११. लहान मुलं आणि मागची मंडळी

चाइल्ड सीटचं बकल आणि पट्ट्या आधी स्वतःच्या मनगटाने तपासा, तळहाताने नाही, तळहात निबर असतो. निघताना चाइल्ड सीटवर पांघरूण टाकून जा. आणि "दोनच मिनिटं, केमिस्टकडे" म्हणून मुलाला किंवा कुत्र्याला बंद गाडीत ठेवू नका, पहिल्या दहा मिनिटांतच आत दहा-अकरा अंश वाढू शकतात.

मागे बसणाऱ्या आज्यांना गार हवा सगळ्यात शेवटी पोचते. पुढचे मधले दोन झोत वर, छताच्या दिशेने करा, हवा मागे जाते. सिंथेटिक साडी आणि लेदर हे दोन्ही मिळून भयंकर होतं, सासूबाई आता गाडीने जायचं म्हटलं की आधी विचारतात, "पंचा आहे ना गं?" आणि मगच कपाटातून साडी काढतात.

१२. पाऊस लागला की

मुंबईत मान्सून साधारण ११ जूनला येतो. त्याच्या आधीच्या रविवारी पंचे, मणी, जाळी सगळं काढा. ओल्या कपड्यांनी आपण बसतो, पंचा दिवसभर ओला राहतो आणि त्याखाली लेदरवर पांढरी बुरशी धरते, आमच्याकडे पहिल्याच जुलैमध्ये धरली. पावसाळ्यात लेदर उघडंच बरं, पुसलं की कोरडं. सनशेड डिकीत टाका. पंचे धुऊन, पूर्ण वाळवून कपाटात ठेवा, नाड्यांसकट, म्हणजे ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला की परत शिंप्याकडे जायला नको.